व्यासपीठावरच्या खुर्च्या कमी करा, लेखकाला वाचू द्या

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तेव्हापासून सोलापुरातल्या पुस्तक प्रकाशनांच्या आणि साहित्यिक सोहळ्यांच्या निमंत्रणपत्रिका व्हॉट्सअॅपवरून इकडे जर्मनीपर्यंत पोचतात, आणि मागोमाग तक्रारही पोचते: श्रोते येत नाहीत, आले तर मधूनच उठतात. त्यावरचे उपाय ठरलेले आहेत. मालिकेतला नट बोलवा, पुढाऱ्याला बोलवा म्हणजे चार माणसे त्याच्यासोबत येतील, शेवटी अल्पोपाहार ठेवा. ज्या शहराने १९४१ साली वि. स. खांडेकरांच्या आणि २००६ साली सोलापूरच्याच मारुती चितमपल्लींच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय साहित्य संमेलन भरवले, तिथली ऐकणारी माणसे संपली हे मला पटत नाही. पुस्तकाच्या कार्यक्रमात पुस्तकच ऐकायला मिळत नाही, हे खरे दुखणे आहे.

हिशेब मांडून पाहा. व्यासपीठावर सहा जण आहेत. दीपप्रज्वलनाला ५ मिनिटे, प्रास्ताविकाला १२. प्रत्येकाचा परिचय ३ मिनिटांचा धरला तरी १८, सत्काराला प्रत्येकी २ म्हणजे १२. तीन पाहुण्यांची भाषणे १५ मिनिटांची, ती झाली ४५. अध्यक्षीय समारोप २० आणि आभार ७. बेरीज ११९ मिनिटे, आणि यात लेखक अजून उभाच राहिलेला नाही. त्याला ‘मनोगता’साठी दहा मिनिटे मिळतात. त्यातली निम्मी मान्यवरांची नावे घेण्यात जातात आणि उरलेल्या पाचांत तो पुस्तक कसे सुचले ते सांगतो. त्यातले एक पानही सभागृहाच्या कानावर पडत नाही. माणूस उठून जातो तो साहित्याला कंटाळून नव्हे. ते त्याच्यापर्यंत आलेलेच नसते.

जर्मनीत लेखकवाचन हा स्वतंत्र, रुळलेला कार्यक्रम आहे. एकूण वेळ सव्वा ते दीड तास. मंचावर टेबल, टेबलावर दिवा आणि पाण्याचा पेला. लेखक आणि त्याला बोलते करणारा एक सूत्रधार. सूत्रधार पाच मिनिटांत ओळख करून देतो. मग लेखक दहा-पंधरा मिनिटे वाचतो, दोघे त्या उताऱ्यावर बोलतात, पुन्हा वाचन, पुन्हा बोलणे. शेवटची पंधरा-वीस मिनिटे श्रोत्यांची, आणि त्यानंतर स्वाक्षऱ्या. सत्कार नाही, अध्यक्ष नाही. यासाठी शहरोशहरी साहित्यगृहे आहेत. बर्लिनचे १९८६ सालापासून आहे. लाइपझिगला मार्चमध्ये ग्रंथमेळा भरतो, तेव्हा ग्रंथालये, दुकाने, कॅफे, अगदी चर्चमध्येही वाचने चालतात.

इथले सगळेच उचलावे असे मात्र नाही. तिकीट बहुधा आठ ते पंधरा युरो असते, त्यामुळे गरीब विद्यार्थी बाहेर राहतो. श्रोत्यांत पांढऱ्या केसांचीच गर्दी, ही चिंता इथेही आहे. नगरपालिकांच्या अनुदानाशिवाय बरीचशी साहित्यगृहे चालणार नाहीत, हेही ध्यानात ठेवायला हवे. आणि सभागृह शेवटपर्यंत गप्प असते. सोलापुरात चांगल्या ओळीला जागच्या जागी दाद मिळते, ‘पुन्हा एकदा’ म्हणून ती ओळ परत मागितली जाते. कवी संजीव आणि दत्ता हलसगीकर यांच्या या शहराला कविता कानाने घ्यायची सवय आहे. गद्याला मात्र ती संधी क्वचित मिळते. अभिवाचन होते, पण बहुतेक नटांच्या आवाजात, पार्श्वसंगीतासह. ते आपल्या जागी छान आहे. पण लेखक स्वतःचे वाक्य कुठे तोडतो, कुठे थांबतो, हे त्याच्याच तोंडून कळते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: आमच्या लेखकांना वाचता येत नाही. बऱ्याच जणांना येत नाही, खरे आहे. इथेही सगळ्यांना येत नाही. पण ते शिकता येते, आणि चुका बहुतेक तयारीतल्याच असतात. मोठ्याने मराठी गद्य वाचताना मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द जातात. म्हणजे बारा मिनिटांचा उतारा १३०० ते १४५० शब्दांचा, छापील पुस्तकाची पाचेक पाने. असे दोन उतारे पुरतात. पहिला उतारा कादंबरीच्या सुरुवातीचाच हवा असे नाही, पण त्यात तीनपेक्षा जास्त पात्रे नकोत. ऐकणाऱ्याला मागचे पान उलटून नाव तपासता येत नाही. संवाद जास्त असतील तर ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ वाचताना ठेवावेत, कारण अवतरणचिन्हे ऐकू येत नाहीत. उतारा प्रश्नावर किंवा प्रसंगाच्या मध्यावर थांबवावा. शेवट वाचून दाखवला की पुस्तक घ्यायचे कारण कमी होते.

पुस्तकातून थेट वाचू नये. बांधणी घट्ट असेल तर पुस्तक एका हाताने उघडे राहत नाही, आणि अक्षर बारीक असते. उतारा ए-फोर कागदावर, एकाच बाजूला, १६ ते १८ पॉइंटमध्ये छापून घ्यावा आणि पान परिच्छेदाच्या शेवटीच संपवावे. कागद पॅडला चिमट्याने लावलेले हवेत. सोलापुरात बारा महिने पंखे लागतात आणि मंचावरच्या पंख्याने सुटे कागद उडतात; मग वाचणारा एका हाताने कागद दाबून धरतो आणि लय जाते. पंखा बंद करून घामाघूम होण्यापेक्षा तो श्रोत्यांकडे वळवावा.

माइक हातात धरला तर पान उलटता येत नाही, म्हणून टेबलावर स्टँड हवा. माइक ओठांपासून चार-पाच बोटांवर, किंचित बाजूला कलता ठेवला की ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना श्वासाचा धपका येत नाही. स्पीकर वाचणाऱ्याच्या पाठीमागे असले की शिट्टी वाजते आणि साउंडवाला आवाज कमी करत जातो. शेवटच्या रांगेला काहीच कळत नाही. स्पीकर वाचणाऱ्याच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून हवेत. ही तपासणी रिकाम्या सभागृहात अर्धा तास आधी करावी. ‘हॅलो, हॅलो’ म्हणून ती होत नाही, उताऱ्याचाच एक परिच्छेद वाचून करावी.

आता पैशांचे. जर्मनीत वाचनाचे मानधन, प्रवास आणि मुक्काम आधी लेखी ठरतो. शिवाय आयोजकाला मानधनावर साधारण पाच टक्के रक्कम कलावंतांच्या सामाजिक विम्यासाठी द्यावी लागते. ही व्यवस्था १९८३ पासून आहे. आपल्याकडे ‘मानधन परवडत नाही’ असे सांगितले जाते. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि स्मृतिचिन्ह मिळून माणशी हजार रुपये धरा. सहा जणांचे सहा हजार होतात. पाच जणांचे सत्कार वगळले तर पाच हजार रुपये लेखकाच्या पाकिटात जातात आणि वर दहा मिनिटे मोकळी होतात. पुण्याहून येणाऱ्याचा रात्रीचा मुक्काम त्यातच धरू नये, तो वेगळा द्यावा.

पुस्तकविक्रीत आपण सर्वांत जास्त गमावतो. जर्मनीत नव्या पुस्तकाची किंमत कायद्याने ठरलेली असते, दुकानदाराला सूट देता येत नाही, म्हणून जवळचा पुस्तकविक्रेता निर्धास्तपणे प्रती घेऊन येतो आणि न खपलेल्या परत पाठवतो. सोलापुरात प्रकाशनाच्या दिवशी सवलतीत विक्री होते आणि दुसऱ्या दिवसापासून गावातल्या दुकानात ते पुस्तक कोणी विचारत नाही. आयोजकांनी स्वतः विक्री न करता स्थानिक विक्रेत्याला बोलवावे. प्रती किमान पंधरा दिवस आधी, न खपल्यास परत या लेखी बोलीवर मागवाव्यात. अपेक्षित श्रोत्यांच्या पाचव्या हिश्शाएवढ्या प्रती पुरतात. टेबल बाहेर जायच्या दाराशी, कार्यक्रम संपल्यावरही चालू. क्यूआर कोड असला तरी शंभर-पन्नासच्या सुट्या नोटा ठेवाव्यात. स्वाक्षरीच्या रांगेत प्रत्येकाला चिठ्ठीवर नाव लिहायला सांगावे. आपल्या शहरात तेलुगू, कन्नड नावे खूप, ती ऐकून लिहिताना चुकतात आणि प्रत खराब होते.

आणि हीच गोष्ट सोलापूरची ताकद आहे. मराठीसोबत तेलुगू, कन्नड, उर्दू घराघरांत बोलली जाणारी शहरे महाराष्ट्रात किती आहेत? तेलुगू घरातून आलेल्या लक्ष्मीनारायण बोल्लींनी मराठीत लिहिले ते याच शहरात. तरीही आपले साहित्यिक कार्यक्रम बहुतेक एकेका भाषेच्या वाड्यात होतात. परभाषेतल्या लेखकाचे वाचन जर्मनीत कसे करतात ते सोलापुरात सरळ उचलता येईल. लेखक मूळ भाषेत दोन-तीन मिनिटे वाचतो, आवाज आणि लय कळण्यापुरते. मग तोच उतारा अनुवादक किंवा चांगला वाचक पुढच्या दहा-बारा मिनिटांत अनुवादात पूर्ण वाचतो. गद्य वाक्यागणिक आलटून पालटून वाचू नये, धागा तुटतो. कवितेचे उलट: एक कविता मूळ भाषेत, मग मराठीत, मग पुन्हा मूळ. दुसऱ्यांदा ऐकताना भाषा न येणाऱ्यालाही शब्द ओळखीचे वाटतात. प्रकाशित पुस्तकातला वाजवी उतारा जाहीरपणे वाचायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मुभा आहे. मात्र चित्रीकरण यूट्यूबवर टाकायचे असेल तर लेखक, अनुवादक आणि प्रकाशक यांची लेखी परवानगी आधी घ्यावी.

जागा लहान निवडावी. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या नाट्यगृहात साठ माणसे हरवून जातात. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या ठिकाणी तीच साठ माणसे भरलेली वाटतात आणि पुस्तकांच्या सान्निध्यात बसतात. तारखांचेही तसेच. २७ फेब्रुवारी (मराठी भाषा गौरव दिन), २३ एप्रिल (जागतिक पुस्तक दिन) आणि १५ ऑक्टोबरला (वाचन प्रेरणा दिन) सगळ्या संस्था एकाच वेळी लेखक शोधतात आणि मधले महिने कोरडे जातात. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो. म्हणून जुलैपासून डिसेंबरपर्यंत, आषाढी वारी, गणपती आणि दिवाळी सोडून, महिन्यातला एक ठरलेला शनिवार धरावा. साडेसहा म्हणजे साडेसहा, आठला स्वाक्षऱ्या. पहिल्या दोन-तीन वेळा चाळीस खुर्च्याच मांडाव्यात, वीस बाजूला रचून ठेवाव्यात आणि माणसे येतील तशा उघडाव्यात.