आजोबांच्या सायकलचे वजन

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात आजोबांची सायकल अजून आहे आणि तिच्यावरून गेले वर्षभर घरात वाद चालू आहे. धाकट्या भावाचे म्हणणे असे की २००५ आणि २०१९ अशा दोन महापुरांत बुडून निघालेली वस्तू आता भंगारात द्यावी. थोरल्या काकांच्या मते अस्सल इंग्लंडची रॅले कोणी भंगारात देत नाही. ती नीट करून दारात उभी करावी. मी नोकरीनिमित्त नॉटिंगहॅमला, म्हणजे रॅलेच्या जन्मगावीच राहत असल्यामुळे दोन्ही पक्षांनी मला एकच काम सांगितले: हिची मूळ मापे आणि वजन शोधून कळव. भंगारवाला किलोवर भाव करतो म्हणून भावाला वजन हवे होते. काकांना ते हवे होते, कारण दुरुस्ती मूळ सायकलबरहुकूम व्हायला हवी.

या निरोपाबरोबर काकांचे एक वाक्य आले, जे आपल्याकडे कोणत्याही जुन्या वस्तूविषयी बोलणे निघाले की हमखास येते: ‘तिकडे प्रत्येक गोष्टीची नोंद असते, आपल्याकडे कुणी काही लिहून ठेवत नाही.’ हे वाक्य निम्मे खरे आहे. रॅलेचे इथले उत्पादन २००२ मध्ये थांबले, कारखान्याच्या जागेवर आज विद्यापीठाचा ज्युबिली कॅम्पस आहे; पण कंपनीचे जुने कागद नॉटिंगहॅमशायर आर्काइव्हजमध्ये सांभाळलेले आहेत, आणि १९५५ पासून चालत आलेल्या व्हेटरन-सायकल क्लबच्या सभासदांनी निरनिराळ्या कंपन्यांची जुनी पत्रके जमवून ठेवली आहेत. त्यांत फ्रेमची उंची, चेनचाकाचे दात, ब्रेकचा प्रकार, रंग आणि सोनेरी रेघांचा तपशीलसुद्धा सापडतो.

वजनाचे मात्र तसे नाही. पत्रक छापणारा विक्रेता होता, हे विसरून चालत नाही. हलक्या, शर्यतीच्या किंवा सहलीच्या सायकलींपुढे पौंडांत आकडा दिलेला दिसतो, कारण तिथे हलकेपणाच विकायचा होता. आणि तो आकडाही पुष्कळदा सर्वांत लहान फ्रेमचा, पेडल न धरता काढलेला असतो. आमच्यासारख्या २८ इंची चाकांच्या, सळईच्या ब्रेकच्या रोडस्टरपुढे, म्हणजे रोजच्या वापराच्या जड सायकलीपुढे, मी चाळलेल्या बहुतेक पत्रकांत वजनाचा उल्लेखच नव्हता. ते कुणी विचारतही नसावे. सांगलीत तरी सायकल घेणाऱ्याने वजन कधी विचारले? दुधाचे कॅन, वैरणीचा भारा, मागे बायको आणि दांडीवर पोर एवढे घेऊन ती चालते का, एवढेच तो विचारी, आणि दुकानदार कॅरिअरवर स्वतः बसून त्याचे उत्तर देई.

पण वजनाच्याही आधी, ही सायकल मुळात कुठली हे ठरायला हवे होते. पुढच्या नळीवरचा बगळ्याचा बिल्ला घासून सपाट झाला आहे आणि खरेदीची पावती २००५ च्या पुरात ट्रंकेसकट गेली. सायकलकराचा १९५८ चा एक पितळी बिल्ला तेवढा उरला, पण त्यावरून सायकल त्या साली घरात होती एवढेच कळते. रॅलेचे फ्रेम नंबर सालवार लावणे इथल्या जाणकारांनाही नेहमी जमत नाही. स्टर्मी-आर्चर कंपनीचे तीन गिअरचे हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, असते तर त्यावर ठोकलेले साल वाचता आले असते, अर्थात ते हबचे साल, सायकलचे नव्हे. आमचे हब साधे आहे. शिवाय पन्नाशीच्या दशकात आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यातून त्याच नावाच्या सायकली निघत होत्या, तेव्हा बगळा दिसला म्हणजे नॉटिंगहॅम आले असे होत नाही.

शेवटी उपयोगी पडले ते आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींचे एक वाक्य. त्यांनी भावाला सांगितले, ‘विलायती रॅलेचे आटे बारीक असतात, बाजारातला कप तिला बसत नाही. हिला मी दोनदा बसवलाय.’ इथे येऊन मी पडताळले, तर ते अक्षरशः खरे निघाले: नॉटिंगहॅमच्या रॅलेत बीबीचे, म्हणजे पेडलचा आस ज्या नळीत फिरतो आणि जिला दोन्ही बाजूंनी कप बसतात तिचे, आटे इंचाला २६ असत आणि इतर इंग्लिश सायकलींत २४. ही गोष्ट त्यांना कोणत्याही छापील पानाशिवाय, हाताने ठाऊक होती. म्हणजे आमची सायकल नॉटिंगहॅमची नसावी. पण काकांनी लगेच शंका काढली की आधीच्या एखाद्या मिस्त्रीने नवे आटे पाडले असतील. तसे होऊ शकते, म्हणून मी हा मुद्दा ताणला नाही.

मग वजन. भावाने सायकल मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत्याकडे नेली, जिथे पोती तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. पहिला आकडा १९ किलो १०० ग्रॅम आला आणि त्याने तो मोठ्या समाधानाने कळवला. मी फोटो मागवला, तेव्हा पुढचे चाक काट्याबाहेर जमिनीला टेकलेले दिसले. दुसऱ्या खेपेला काट्यावर फळी ठेवून, ती शून्य करून, हँडल सुतळीने दांडीला बांधून तोलल्यावर २३ किलो ४०० ग्रॅम भरले. यात कॅरिअर, डबल स्टँड, चेनकव्हर, डायनॅमो आणि सीटखालची हत्यारांची पिशवी धरलेली आहे, आणि दोन पुरांनी नळ्यांत सोडलेला गाळही थोडाफार असणारच. हे सगळे न सांगता नुसता आकडा लिहिला, तर पन्नास वर्षांनी कुणीतरी तो छापील पौंडांशी ताडून पाहील आणि नसता वाद घालील.

म्हणूनच ‘आपल्याकडे नोंद नाही’ या तक्रारीचा मला आता कंटाळा येतो. २८ × १½ चा टायर घ्या. आज युरोपात २८ इंची म्हणून जो टायर सर्रास मिळतो, तो ६२२ मिलिमीटरच्या रिमचा असतो. आपल्या रिमला ६३५ चा लागतो. तो मिळवण्यासाठी इथले हौशी लोक दुकाने पालथी घालतात, आणि सांगलीत तो रस्त्यावरच्या दुकानात खुंटीला टांगलेला असतो. छापील पाने इकडे आहेत, पण चालत्या सायकली, सुटे भाग आणि ते बसवणारे हात तिकडे आहेत. आमच्या जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी ज्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये उभी केली, त्यांची सुरुवात १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानापासून झाली होती. सायकल उलगडून समजून घेणे आपल्याला परके आहे, असे निदान सांगलीकराने म्हणू नये. कमतरता आहे ती मोजलेले लिहून ठेवण्याची, आणि ते काम नॉटिंगहॅमहून कुणी करून देणार नाही.

मी भावाला एक पुठ्ठ्याचे कार्ड करायला सांगितले. बीबीच्या मध्यापासून सीटच्या नळीच्या टोकापर्यंत २४ इंच, रिम ६३५, तारा पुढे ३२, मागे ४०, बीबीचे आटे २४, वजन २३.४ किलो, कोणकोणत्या वस्तूंसह तेही खाली. सालाच्या जागी त्याने रेघ ओढली होती, तिच्यावर काकांनी शाईने ‘१९५२, इंग्लंड’ असे लिहिले आहे. सुट्या फ्रेमचे वजन अजून भरायचे आहे, कारण डाव्या क्रँकची, म्हणजे पेडलच्या दांडीची, कोटर पिन (ती आसाला घट्ट धरणारी खीळ) गंजून बसली आहे. मिस्त्रींनी तिला तेल सोडून ठेवले आहे आणि दिवाळीनंतर बघू म्हणाले आहेत. तोवर भंगारवाल्याला थांबायला सांगितले आहे.