ढगवाल्याचे नऊ कोरडे दिवस

आज नववा दिवस. वादळी ढगाचा पत्ता नाही. पारा 44 च्या खाली उतरायला तयार नाही आणि मी दुकानात कूलरपुढे बसून कोणाच्या तरी हळदीचे 800 फोटो निवडतोय.

नवीन मंडळींसाठी सांगतो. पोटासाठी मी जळगाव जिल्ह्यात लग्नाचे फोटो काढतो आणि एप्रिलपासून मृग लागेपर्यंत वादळांच्या मागे फिरतो. गावात मला ढगवाला म्हणतात. पण आपल्याकडे लग्नाच्या तिथी आणि वळवाची वादळं नेमकी एकाच महिन्यात येतात. मागच्या मे महिन्यात इकडे मंगलाष्टकं चालू होती आणि मंडपाच्या मागे ऐरणीसारख्या सपाट माथ्याचा ढग चढत होता. हात शिवशिवत होते, पण मी अक्षता टिपत राहिलो. त्या ढगाचा माझ्याकडे एकच फोटो आहे, त्यातही नवरीचे मामा आलेत.

सध्या रोज दुपारी तीनच्या सुमारास सातपुड्यावर एक-दोन पांढरे गोळे वर येतात. मी जिना चढून गच्चीवर जातो. चारला ते विरलेले असतात. बायको आता विचारतसुद्धा नाही, फक्त ताकाचा ग्लास वर पाठवते. नुसती जमीन तापून वादळ होत नाही हो. वर कोरड्या, गरम हवेचा थर पातेल्यावरच्या झाकणासारखा बसलेला असतो. अरबी समुद्राकडून ओल आली नाही, तर खालून कितीही जाळ लागो, झाकण उचलत नाही. एकदा उचललं की तास-दीड तासात ढग बारा-तेरा किलोमीटर उंच. त्या तास-दीड तासासाठी हे असे नऊ-नऊ दिवस गाडीची टाकी भरून ठेवायची.

लोक अमेरिकेतले व्हिडिओ पाठवतात, ‘तुम्ही पण असंच करता ना?’ म्हणून. तिथल्या मैदानात रस्ते बुद्धिबळाच्या पटासारखे आखलेले, ढगाने वाट बदलली की पुढच्या चौकात वळायचं. इथे तापीच्या कोणत्या काठाला राहायचं ते मला दुपारी बारालाच ठरवावं लागतं. चुकलं की विदगावच्या पुलापर्यंत उलटं या, तोवर ढग विझलेला. उत्तर काठ धरला तर बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता, त्यावर केळीचे ट्रक आणि हमखास एखादी वरात. (वरातीत फोटोग्राफर ओळखीचा निघतो. मग थांबावं लागतं.) रडारचं म्हणाल, तर मुंबई काय आणि नागपूर काय, जळगावपासून सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे. पृथ्वी गोल आहे, इतक्या लांबून ढगाच्या बुडाशी काय चाललंय ते त्यांना दिसत नाही. माझा भरवसा उपग्रहाच्या चित्रांवर, विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेच्या दामिनी अ‍ॅपवर आणि डोळ्यांवर.

हे सगळं चालतं. चिडचिड होते ती वेगळ्याच गोष्टीची. वादळ झालं की दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच शब्द, ‘चक्रीवादळ’! आणि तासभर पाऊस झाला की ‘ढगफुटी’. अहो, चक्रीवादळ समुद्रावर तयार होतं, शेकडो किलोमीटर पसरतं. ढगफुटी म्हणायला तासाला 100 मिलिमीटर पडावा लागतो. आपल्याकडे केळी लोळवतो तो बहुतेक वेळा ढगातून कोसळणारा वारा असतो. पावसाने गार आणि जड झालेली हवा धाडकन खाली येते, जमिनीवर आपटते आणि पसरते. पट्टा कधी कधी दोन-तीन किलोमीटरचाच. अलीकडचा बाग उभा, पलीकडचा आडवा.

शब्दाचा एवढा बाऊ का करतो? यावलजवळच्या एका बागेत मी वादळानंतर तासाभरात पोचलो होतो. खोडं कमरेएवढ्या उंचीवर मोडलेली, आतल्या पापुद्र्यांतून पाणी ठिबकत होतं, घड चिखलात. मी होकायंत्र काढून ओळीने पाहत गेलो. सगळी झाडं आग्नेयेला पडलेली, बांधाकडे गेल्यावर पंख्यासारखी किंचित फाकत गेलेली. गरगर फिरणाऱ्या वाऱ्याने ती एकमेकांवर आडवीतिडवी पडली असती. मी फोटो काढत होतो तेव्हा बागवाले काका मागे येऊन उभे राहिले. वाटलं, आता ओरडतील. ते म्हणाले, “तुह्या फोटोत टाइम दिसतो का रे भाऊ?”

हवामानावर आधारित फळपीक विमा नावाप्रमाणे हवामान केंद्राच्या नोंदीवर चालतो. केंद्र महसूल मंडळाला एक, म्हणजे अनेक गावांना मिळून एक. ‘चक्रीवादळ’ म्हटलं की वाटतं, ते केंद्रावरही नोंदलं गेलंच असणार; पण दोन किलोमीटरच्या पट्ट्यातला वारा त्या केंद्रावरून गेलाच पाहिजे असं थोडंच आहे? वर नुकसान 72 तासांत कळवायचं. मी वेळेसकट सगळे फोटो देऊन टाकले. पुढे काकांची भेट झाली. विम्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. माझ्या शर्टावरचे केळीच्या चिकाचे डाग अजून गेलेले नाहीत.

तेव्हापासून वही ठेवतो. तारीख, वेळ, वारा कुठून, झाडं कुठे पडली, गार केवढी. माझ्या विजेच्या फोटोला हजार लाइक येतात, वहीचं पान टाकलं तर सात, त्यातले दोन मेहुण्यांचे. आणि गारेच्या आकाराबद्दल तर बोलूच नका, फोनवर प्रत्येकाची गार लिंबाएवढी असते.

तर आता कामाचं. आज संध्याकाळी वारा पश्चिमेचा झालाय आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा गच्चीवरचा टॉवेल वाळला नाही. उद्या दुपारी झाकण उचलू शकतं. आणि उद्या दुपारी मी सावद्याला एका लग्नात आहे, अ‍ॅडव्हान्स घेतलेला आहे. रावेर, यावल, चोपड्याकडे कुणाकडे गार पडली तर विजा थांबल्यावरच बाहेर पडा, गार उचला, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा आणि लगेच फ्रीजरमध्ये टाका. वेळ लिहून पाठवा. मी रात्री जेवणाच्या पंगती उठल्या की येतो.