मायस्थेनिया, टेन्शन आणि ते व्हॉट्सॲप फॉरवर्ड

सोसायटीच्या ग्रुपवर परत ते फॉरवर्ड आलंय. मायस्थेनिया ग्रॅव्हिस (स्नायू लवकर थकवणारा आजार) म्हणजे साठलेलं टेन्शन, मॅग्नेशियम घ्या, दम लागला तर फक्त दीर्घ श्वास घ्या, रोज पर्वती चढा, गोळ्या सुटतील. हा आजार मलाच आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

टेन्शनमुळे होतो? नाही हो. नस आणि स्नायू जिथे भेटतात तिथले ॲसिटिलकोलिनचे (नसेचा निरोप स्नायूला देणाऱ्या रसायनाचे) रिसेप्टर आपल्याच शरीरातल्या अँटीबॉडी अडवतात, साधारण ८५ टक्के पेशंटच्या रक्तात त्या सापडतात. टेन्शनने त्रास वाढतो हे खरंय, ऑफिसात वाजलं की संध्याकाळी माझी पापणी खाली येतेच, पण म्हणून आजार टेन्शनचा होत नाही ना.

मॅग्नेशियमचं वाचून तर डोकंच फिरलं. नसेकडून स्नायूला जाणारा सिग्नल ते अजून कमी करतं! सलाईनमधून सगळ्यात धोक्याचं, पण गोळ्याही न्यूरोलॉजिस्टला विचारल्याशिवाय नकोत. धडधडीसाठी देतात त्या प्रोप्रॅनोलॉलनेही अशक्तपणा वाढू शकतो आणि अल्प्राझोलाम टाइप गोळ्यांनी श्वास मंदावू शकतो. चिंतेवर औषध घेऊच नका असं नाही, फक्त सायकियाट्रिस्टला आधी आजाराचं नाव सांगा.

आता तो दम. खरा घातक मुद्दा हाच. पॅनिकमध्ये धडधड होते, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात आणि बहुतेक वेळा थोड्या वेळात ओसरतं. श्वासाचे आणि घशाचे स्नायू थकले असतील तर आडवं पडल्यावर दम वाढतो, आवाज नाकातून येतो, पाणी पिताना ठसका लागतो, मान सावरत नाही, आणि ऑक्सिमीटर ९७ दाखवतोय म्हणून निवांत बसू नका कारण तो आकडा फार उशिरा पडतो. मी एका श्वासात मोठ्याने आकडे म्हणते, बरी असताना कुठवर जाते ते फ्रिजवर लिहून ठेवलंय, त्याच्या बरंच खाली आलं किंवा नुसती शंका आली तरी तडक इमर्जन्सी. हे ठरवल्यापासून रात्री उगाच घाबरणं खूप कमी झालं, कुठल्याही सुविचारापेक्षा जास्त.

पर्वती राहू द्या. पायरिडोस्टिग्मिनची, म्हणजे या आजारात स्नायूंना बळ देणारी गोळी घेतली की तासाभराने मी सारसबागेत सपाटीवर चालते, दमायच्या आत परत.

आणि गोळ्या सुटतील म्हणे! स्टेरॉइड चालू असेल तर अचानक बंद करणं जिवावर बेतू शकतं, डोस उतरवायचा तो डॉक्टरांनी, हळूहळू. ग्रुप ॲडमिन, तेवढं फॉरवर्ड डिलीट कराल का प्लीज?