कुणाच्या तरी पोराचा व्हिडिओ

आज सकाळी चहा घेताना आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. युद्धात पकडलेला एक सैनिक, डोळ्यांवर पट्टी, हात मागे बांधलेले, ओठ फुटलेला. कुणीतरी त्याच्याकडून काहीबाही वदवून घेतंय. पोरगं असेल विशी-बाविशीचं. आणि खाली आपल्या लोकांच्या हसऱ्या इमोजींची रांग. माझा चहा तसाच राहिला.

माझा मामा 1971 च्या लढाईत पश्चिम आघाडीवर पाकिस्तानच्या हाती सापडला होता. आधी 'बेपत्ता' अशी तार आली. साखर पेठेतल्या घरात आजी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायची, पण त्या दिवसांत तिचा हात पानावरच थांबलेला असायचा. मग एक दिवस पोस्टमननं कार्ड आणून दिलं. छापील मजकूर, मामाचं नाव, नंबर, तब्येत बरी. बस्स. आजीला वाचता येत नव्हतं, ती 'सोलापूर' या अक्षरांवरून अंगठा फिरवत राहिली. शेवटी तिथली शाई पुसट झाली. ते कार्ड आजही आईच्या ट्रंकेत आहे.

ते कार्ड कुणी दया आली म्हणून पाठवलेलं नव्हतं. युद्धकैद्यांसाठीच्या 1949 च्या तिसऱ्या जिनिव्हा करारात तसं लिहिलंय. कैदी छावणीत पोचल्यावर जास्तीत जास्त आठवडाभरात त्याला घरी कळवता आलं पाहिजे. त्यानं नाव, हुद्दा, जन्मतारीख, नंबर एवढंच सांगायचं, आणि माहितीसाठी त्याला छळायचं नाही. आणि 13 वं कलम म्हणतं, मारहाण, धमक्या, अपमान यांपासून त्याला जपा, लोकांच्या बघेगिरीपासूनही जपा. म्हणजे हाच व्हिडिओ! आपल्या देशानं त्यासाठी 1960 मध्ये स्वतःचा कायदाही केलाय.

2019 मध्ये पाकिस्ताननं पकडलेल्या आपल्या वैमानिक अभिनंदनचा रक्ताळलेला चेहरा मोबाईलवर फिरला, तेव्हा हेच लोक जिनिव्हा जिनिव्हा करत होते ना? तेव्हा बरोबरच होतं ते. मग आज काय झालं?

एकानं लिहिलं, 'समोरचे पाळतात का?' नाही पाळत, कारगिलमध्ये पकडलेल्या आपल्या सौरभ कालियाचं काय केलं ते मला माहीत आहे. पण म्हणून आपणही तसंच व्हायचं? 1971 मध्ये आपल्या ताब्यात पाकिस्तानचे सुमारे 93,000 लोक होते, त्यात नागरीही होते. त्यांना लगेच सोडलं नाही, शेवटचे 1974 मध्ये गेले, हे मान्य. पण त्यांचा तमाशा करणं ही आपली रीत नव्हती.

मामाला पहिल्या दिवशी मार पडला होता, ते तो लपवायचा नाही. पण त्याच्या पायाच्या जखमेचं ड्रेसिंग तिकडच्याच डॉक्टरनं रोज केलं, हेही तो तितक्याच शांतपणे सांगायचा. डिसेंबर 1972 मध्ये तो वाघा सीमेवरून परत आला. आजीनं भाकरी वाढली, शेंगाचटणी वाढली, आणि तो जेवेपर्यंत ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी आठ-नऊ वर्षांचा होतो, दारात उभा राहून बघत होतो.

भैय्या चौकातलं डॉ. कोटणीसांचं स्मारक आपण पोरांना अभिमानानं दाखवतो. चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करत 1942 मध्ये गेलेला आपल्या सोलापूरचा माणूस! आणि घरी येऊन त्याच पोरांच्या हातात असला व्हिडिओ?

व्हिडिओचा आवाज ऐकून आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. वय चौऱ्याऐंशी, दिसतं कमी. "कोण रे ओरडतंय?" मी मोबाईल खिशात टाकला. तिला काय सांगणार होतो?

ग्रुपच्या अॅडमिनला नाव न घेता सांगतो, तू आमच्या मामाच्या पंगतीला बसून जेवलेला आहेस. दुपारचे तीन वाजलेत, व्हिडिओ अजून तिथंच आहे. काढ तो.