‘शेवटी मास्तरीणच झाली ना!’ म्हणणाऱ्या क्रीडाप्रेमींना

अमेरिकन बास्केटबॉलपटू लुसिया हॅरिसवरच्या माझ्या लेखाखाली ‘एक क्रीडाप्रेमी’ या नावानं आलेली लांबलचक प्रतिक्रिया वाचकांनी वाचलीच असेल. दोन दिवस थांबून उत्तर देतेय. लगेच लिहायला बसले असते तर याहून वाईट लिहिलं असतं.

क्रीडाप्रेमी, आधी तुम्ही दाखवलेली माझी चूक. एनबीए या अमेरिकेतल्या पुरुषांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, निवड झालेली पहिली बाई म्हणजे लुसिया, असं मी लिहिलं होतं. १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्स या संघानं डेनिस लाँग या मुलीचं नाव घेतलं होतं आणि ती निवड रद्द झाली. म्हणजे ‘अधिकृतपणे’ हा शब्द हवा होता. घातला. आभार.

आता तुमचं ते वाक्य. ‘एवढा गाजावाजा करताय, पण शेवटी मास्तरीणच झाली ना!’ तुम्हाला ‘शिक्षिका’ हा शब्द ठाऊक नसेल असं मी मानत नाही, बाकीची प्रतिक्रिया चांगली शुद्ध मराठीत आहे. आणि तो ‘च’ तर तुम्ही ठरवून लावलाय.

मिसिसिपीतल्या मिंटर सिटीत, दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्यानं शेती करणाऱ्या घरातली ही मुलगी. अकरा भावंडांतली दहावी, उंची सहा फूट तीन इंच. डेल्टा स्टेट या तिच्या विद्यापीठाला तिनं १९७५, ७६, ७७ अशी लागोपाठ तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली, २,९८१ गुण केले. १९७६ ला माँट्रियलमध्ये बायकांचं बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं, त्यातली पहिली बास्केट तिची. पुढच्या वर्षी न्यू ऑर्लिन्स जॅझ या एनबीए संघानं ड्राफ्टच्या सातव्या फेरीत तिला निवडलं. ती गरोदर होती, गेली नाही. डब्ल्यूएनबीए ही बायकांची व्यावसायिक लीग सुरू व्हायला तेव्हा आणखी वीस वर्षं होती. मधे बायकांच्या दुसऱ्या एका लीगमधल्या ह्यूस्टन एंजल्स संघाकडून थोडंफार खेळली, पण ती लीगही टिकली नाही. पुढे ग्रीनवूडच्या ज्या शाळेत शिकली, तिथंच विशेष गरजा असलेल्या मुलांना तिनं शिकवलं, संघही घडवला. यात तुमचा ‘च’ कुठं बसतो ते सांगा.

मी स्वतः तीन वर्षं विद्यापीठाकडून बास्केटबॉल खेळले, सेंटरच्या जागेवर. नंतर एका ठिकाणी खेळाडू कोट्यातल्या मुलाखतीला गेले, तर पहिलाच प्रश्न आला, ‘लग्नाचं काय ठरलंय?’ मग बी.पी.एड. केलं आणि शाळेत खेळाची शिक्षिका झाले. तेवीस वर्षं झाली. गणिताचे सर अजून माझा तास ‘पोर्शन राहिलाय’ म्हणून मागून नेतात. एका बाजूची रिंग वाकलेली आहे, ती दुरुस्त करायचा अर्ज किती वेळा दिला ते मोजणं सोडलंय. गेल्या आठवड्यात सातवीतल्या एका मुलीनं, तीन महिने चुकीच्या पायावर उड्या मारून झाल्यावर, एकदाचा ले-अप (रिंगजवळ पळत येऊन उडी मारून टाकायचा बॉल) नीट घातला आणि माझ्याकडे न बघताच पाणी प्यायला पळाली. ‘मास्तरीण’ हा शब्द मला नवा नाही हो. सासरीही ऐकलाय. तिथं निदान तो तोंडावर म्हणायचे.

बाकीचं थोडक्यात. ‘तिच्यावर अन्याय झाला म्हणता आणि शाळेत रमली असंही म्हणता, मग नक्की काय?’ दोन्ही. ‘ड्राफ्ट हा निव्वळ प्रसिद्धीचा प्रकार होता.’ असेल, तिलाही तसंच वाटलं होतं. ‘रशियानं फायनलला ११२-७७ असं धुतलं.’ माँट्रियलमधला अमेरिकेविरुद्धचा हा आकडा बरोबर आहे, पण तो सोव्हिएत संघ होता आणि फायनल नव्हतीच, सहा संघांची साखळी होती. इतरांचे शब्द मोजणाऱ्यानं स्वतःचेही मोजावेत. ‘आपल्या मुलींवर का लिहीत नाही?’ जुने लेख उघडायचे कष्ट घ्या.

प्रतिक्रिया उडवत नाहीये, तशी सवय नाही. ‘भावुक बायका’ हे दोन शब्द तेवढे झाकलेत. पुढच्या वेळी स्वतःच्या नावानं लिहा.