चपलेचा क्लच

गेल्या आठवड्यात भर दुपारी नागपुरात अमरावती रोडवर, वाडीच्या अलीकडच्या एका गॅरेजसमोर, लाल प्लास्टिकच्या स्टुलावर बसवून मला नापास केलं. माझं वय ४७. लायसन्स २९ वर्षं जुनं. परीक्षेला गाडी नव्हती, स्टेअरिंग नव्हतं. होत्या फक्त माझ्याच दोन चपला. अजून आठवलं की कानशिलं तापतात. (तळपाय तर त्या दिवशीच भाजले, ते पुढे येईल.)

गाडीचं थोडक्यात सांगतो. मामेसासऱ्यांची १९७४ ची, तोंड जीपचं आणि मागे पत्र्याचा हौदा. काटोलकडच्या बागेतली संत्री नागपूरच्या कळमना बाजारात आणण्यात तिची उमर गेली. मूळ पेट्रोल इंजिन मामांनी केव्हाच काढलं आणि चार सिलिंडरचं, २११२ सीसीचं डिझेल बसवलं. मामा गेले, बाग विकली, गाडी कोणालाच नको होती म्हणून मला मिळाली. आमच्याकडे वारसा असाच मिळतो.

इंजिन ठणठणीत आहे. रडतो तो गिअरबॉक्स. तो अजून पेट्रोलच्या जमान्यातलाच, तीन गिअरचा टी-९०. पहिल्याला सिंक्रो, म्हणजे दातांचा वेग आपोआप जुळवणारी सोय, नाही. म्हणून गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा तर कर्रर्र असा आवाज काढून पूर्ण मोहल्ल्याला कळवावं लागतं. तिसरा उतारावर आपोआप सुटतो. बायको शेजारी बसली की दांडा धरून ठेवायचं काम तिचं. एकदा सावनेरच्या पुढे तिला शिंक आली आणि आम्ही न्यूट्रलमध्ये एका ट्रॅक्टरच्या बाजूने गेलो. त्यानंतर ती गाडीत बसली नाही. शिंकेचं निमित्त झालं, कारणं बरीच जुनी होती.

आणि वेग! चाकांना शेवटची फिरकी देणाऱ्या डिफरन्शियलमध्ये मोठ्या चक्राला, म्हणजे क्राउनला, ४३ दात, छोट्याला, म्हणजे पिनियनला, ८. तिसरा गिअर एकास एक, म्हणजे इंजिन जितकं फिरतं तितकाच शाफ्ट. म्हणजे इंजिन २५०० फेऱ्या मारतं तेव्हा गाडी ६० च्या आसपास पळते, आणि त्या ६० ला आत बसून बोलायचं तर हातवारे करावे लागतात. चार गिअरचा केएमटी डब्बा (म्हणजे गिअरबॉक्सच) टाकला तर पहिला गिअर चांगला नरम मिळेल, चढाला बरं. पण चौथा पुन्हा एकास एकच, हायवेवर बोंब तीच. पाच गिअरचा टाकला तर पाचवा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिन कमी फिरतं, शांत होईल. पण मग डब्बा लांब, म्हणजे चाकांकडे जाणारा जॉइंट शाफ्ट कापून लेथवर बसवणं आलं, चेसिसमधला आडवा पट्टा सरकवणं आलं, क्लचप्लेटचे स्प्लाइन, म्हणजे आतल्या खाचा, जुळवणं आलं. शिवाय माझी गाडी फोर बाय फोर, डब्याच्या शेपटीला ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, बसलीच पाहिजे.

हे सगळं मी वहीत लिहून नेलं होतं. तीन रकाने केले होते. हा माझा पहिला मूर्खपणा. गॅरेजात वही घेऊन जाणारा माणूस म्हणजे एक तर विमा सर्व्हेअर, नाही तर गिऱ्हाईक फसवायला सोपं.

उस्ताद खड्ड्यात, गाडीखाली होता. मी वर उभा राहून रकाने वाचून दाखवत होतो. दुसऱ्या रकान्यापर्यंत आलो असेन, तेवढ्यात मागून आवाज आला.

"चार काहून? तीन पुरत नाई का?"

मागे काका. डोक्याला पांढरा दुपट्टा, डोळ्यावर चष्मा, तळहातावर पन्नी आणि पन्नीत खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू. अंगठ्याने तो घोटत होते, असा की जणू इंजिनचा व्हॉल्व्ह घासून बसवताहेत. हे गृहस्थ स्कूटरचा पंक्चर काढायला आले होते. पंक्चर निघून अर्धा तास झाला होता. स्कूटर सावलीत लावून ते स्टुलावर बसले होते आणि माझी वही ऐकत होते.

"एसटीत होतो," काका म्हणाले. "बत्तीस वर्षं. चिखलदऱ्याचा घाट ह्या हातानं चढवला. गिअरचा एक दात मोडला नाई."

हे सांगताना त्यांचं तोंड पूर्ण उघडलं. आत एकूण सहा दात असावेत. गिअरच्या दातांची काळजी घेता घेता घरचे राहून गेले असतील.

मी नम्रपणे म्हटलं, काका, तीन गिअर मला पुरत नाहीत, हायवेवर इंजिन ओरडतं.

"इंजिन नाई ओरडत. गिअर ओरडते. अन् गिअर कोणामुळं ओरडते?" त्यांनी उस्तादाच्या पायांकडे पाहून विचारलं. बाहेर पायच दिसत होते. पाय काही बोलले नाहीत. काकांनी स्वतःच उत्तर दिलं. "चालवणाऱ्यामुळं."

मग ते उठले. बोटावर चुना घेतला आणि माझ्या गाडीच्या बॉनेटवर, धुळीत, गिअरचा नकाशा काढला. मागे घेतला पहिला, मध्ये पट्टी, दुसरा वर, तिसरा खाली. इथपर्यंत बरोबर. रिव्हर्स कुठे, यावर त्यांचं आणि टपरीवरच्या पोट्ट्याचं भांडण झालं. पोट्टा म्हणे डावीकडे वर. काका म्हणाले, "तू बसनं शाळेत जात होता तेव्हापासून म्या रिव्हर्स घेऊन राहिलो." शेवटी काकांनी रिव्हर्स दोन ठिकाणी लिहिला.

"डबल क्लच येते का तुले?"

मी म्हटलं, येतो. खोटं नव्हतं. करतो मी, गिअर ऐकत नाही इतकंच.

"दाखव."

गाडी तर उघडी पडली होती, डब्बा खाली उतरवायला घेतलेला. तर काकांनी मला स्टुलावर बसवलं. "चपला काढ." काढल्या. डावी ठेवली क्लचच्या जागी, उजवी ॲक्सिलरेटरच्या जागी. ब्रेक? "ब्रेक कायले पाहिजे? ब्रेक मारणारा ड्रायव्हर नसते, पॅसेंजर असते." पोट्ट्याने जुन्या टायरच्या मध्ये चाकाचा पाना उभा रोवला. झाला गिअरचा दांडा. "आवाज तू काढ," काकांनी पोट्ट्याला सांगितलं, आणि तो लगेच घर्रर्र करू लागला. इतक्या तयारीने, की ही शाळा मी येण्याआधीही भरत असावी असा मला संशय आहे.

"तिसऱ्यात आहेस. चढ आला. दुसरा टाक."

आता डबल क्लच म्हणजे काय, तर क्लच दाबायचा, गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, ॲक्सिलरेटरला एक झटका देऊन फेऱ्या वाढवायच्या, मग पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकायचा. म्हणजे दातांचा वेग जुळतो आणि ते एकमेकांत शांतपणे जातात. मला सगळं माहीत आहे. पण मे महिना, पारा ४४, आणि गॅरेजसमोरचं सिमेंट. क्लच दाबला तर पाय चपलेवर, सुखात. क्लच सोडायचा म्हणजे पाय उचलायचा, आणि तो टेकायचा कुठे? थेट तव्यावर. साहजिकच न्यूट्रलमध्ये मी क्लच सोडून लगेच पुन्हा चपलेवर उडी मारली.

"खर्रर्रर्र!" पोट्टा.

"मोडला," काका. "दात मोडला. पुन्हा."

पुन्हा. पुन्हा खर्रर्र. तोवर पंक्चरवाला आला, कोणाचं तरी पार्सल घेऊन निघालेला पोट्टा थांबला, स्कूटीत हवा भरायला आलेली एक बाई दुपट्ट्याच्या आड हसत उभी राहिली. मी म्हटलं, काका, पाय भाजतो. काका म्हणाले, "एसटीच्या इंजिनजवळ काय कुलर राहते?" यावर जमाव फारच हसला. त्यात माणूसपणाचा अंश असता तर कोणीतरी पाणी ओतलं असतं. बादली दोन फुटांवर होती.

सहाव्यांदा काकांनी हात उडवला. "तुले डब्बा नाई, ड्रायव्हर बदलावा लागते." आणि त्यांनी खर्ऱ्याची पन्नी गाठ मारून खिशात टाकली. शाळा सुटली.

राग याचा नाही की ते चूक बोलले. राग याचा आहे की नंतर ते एक गोष्ट बरोबर बोलले. स्कूटरला किक मारता मारता म्हणाले, "अन् डब्बा कायले बदलवतो? आवाज कमी करायचा तर क्राउन पिनियन बदलव." तीन महिने मी रकाने भरत होतो, हे माझ्या वहीत नव्हतं. आता मी मागाहून म्हणू शकतो, आणि म्हणतोही, की फोर बाय फोरमध्ये पुढचा न् मागचा दोन्ही सारख्याच गुणोत्तराचे लागतात, एकट्या मागच्याला हात लावून चालत नाही, म्हणजे खर्च दुप्पट, शिवाय तिसरा सुटतो तो सुटणारच. हे मी म्हटलं तेव्हा मात्र काका तिथे नव्हते. मी ते माझ्या चपलांना सांगितलं.

खरं सांगायचं तर डब्याचं काय झालं, ते सांगायला मला लाज वाटते. उस्ताद खड्ड्यातून आला, हात पुसले आणि म्हणाला, "भाऊ, पाच गिअरचा एक डब्बा पाहून ठेवलाय, एक नंबर. पाच हजार टोकन द्या, नाही तर दुपारी जाते." मी दिले. पावती? "भाऊ, आपल्यात पावती?" आपल्यात! ओळख होऊन दोन तास झाले होते, त्यातला एक तास मी स्टुलावर होतो. वाण्याकडे ४० रुपयांचं जिरं घेतलं तरी बिल मागतो मी. तिथे हात आपोआप खिशात गेला. नापास माणसाला शंका विचारायची हिंमत राहत नाही, हे मी बारावीतच शिकलो होतो.

दुसऱ्या दिवशी डब्बा पाहिला. शेपूट लांब, टू व्हील ड्राइव्हचं. ट्रान्सफर केस बसायला जागाच नाही. मी म्हटलं, हे माझ्या पहिल्याच रकान्यात होतं, वाचून दाखवलं होतं. उस्ताद म्हणाला, "खड्ड्यात आवाज येत नाई, भाऊ." मग म्हणाला, पुढचं काढून टाका, टू व्हील करून घ्या, तुम्ही काय मेळघाटात चालले? टोकन परत मागितलं तर ते कबाड्याकडे गेलं. कबाडी म्हणतो, टोकन म्हणजे टोकन. ५० वर्षं जुन्या गाडीला सुट्टा भाग मिळवायचा म्हणजे दर वेळी कोणाच्या तरी हातापाया पडा, आणि पडल्यावर तो विचारणार, कायले ठेवली ही गाडी, विकून टाका. त्यांना विकून टाका, अर्थातच. किलोच्या भावात. मामांनी या गाडीत बहिणीच्या लग्नाचं सामान आणलं होतं. हे मी उस्तादाला सांगितलं नाही. सांगून काय उपयोग, त्याचं वजन होत नाही.

काल शनिवारी पुन्हा गेलो, निदान जुना तीन गिअरचा तरी नवीन बेअरिंग टाकून नीट बसवून घ्यावा म्हणून. बॉनेटवर चुन्याचा नकाशा अजून तसाच, दोन रिव्हर्ससकट. ओल्या फडक्याने पुसला तर धूळ गेली, चुना राहिला. टपरीवर माझ्या नावावर ११ हाफ चहा लिहिलेले निघाले. मी दोन प्यालो होतो. "काकाचे हायत," पोट्टा म्हणाला. "शिकवायचे."

मी ११० रुपये मोजले. तेवढ्यात त्या कार्ट्याने, न सांगता, लाल स्टूल पुढे सरकवला आणि माझ्या पायाकडे पाहिलं.

मी चपला घट्ट दाबून उभ्यानेच चहा प्यालो.