नंबर सांगा

"नंबर सांगा." हवालदारांनी पेन काढून पहिलाच प्रश्न हा टाकला आणि आम्ही दोघं भाऊ एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो.

आमचे आप्पा ७१ वर्षांचे. रोज संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला जायचे. रस्ता ओलांडताना एका मोटरसायकलनं उडवलं, मांडीचं हाड मोडलं. भेळेच्या गाडीवाल्यानं सगळं बघितलं होतं. काळी कोरी गाडी, विशीतलं पोरगं. पण नंबर? "नंबर कुठला वो, मागं पाटीवर 'नाद करायचा न्हाय' एवढंच लिवलं हुतं." एका दुकानाच्या सीसीटीव्हीतही गाडी दिसली, पोराचा शर्ट दिसला आणि तेच वाक्य दिसलं. हवालदार भला माणूस, त्यांनी तेही लिहून घेतलं.

बिननंबरच्या गाडीचा विषय निघाला की आपण लगेच दंडावर घसरतो. पोलीस किती घेतात, कुठल्या चौकात धरतात, ई-चलन कसं चुकवायचं. मीही तसाच होतो. नंबर पोलिसांसाठी असतो असंच डोक्यात होतं. आप्पा पडले तेव्हा कळलं की तो नंबर आप्पांसाठी होता. नंबर मिळाला असता तर गाडीचा मालक सापडला असता, विमा कंपनी सापडली असती, अपघाताच्या भरपाईसाठी न्यायाधिकरणात रीतसर दावा लावता आला असता. गाडीच सापडली नाही की प्रकरण 'हिट अँड रन' होतं. मग मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली ठरलेली रक्कम: गंभीर जखमीला ५० हजार, माणूस गेला तर वारसांना २ लाख. हेसुद्धा १ एप्रिल २०२२ पासून. त्याआधी साडेबारा हजार आणि पंचवीस हजार होते! आप्पांच्या ऑपरेशनचं बिल काय झालं ते सांगत नाही, पन्नास हजारांत त्यातला रॉडसुद्धा भागला नाही.

आता खरं सांगायचं तर मी काही धुतल्या तांदळाचा नाही. कॉलेजात असताना रेडियमवाल्याकडून आठ-शून्य-पाच-पाचचं 'बॉस' करून घेतलं होतं. एकेचाळीस-एकेचाळीसचा 'दादा' तर आपल्याकडं पेठेपेठेत दिसतो. शेवटच्या दोन आकड्यांवर लिंबू-मिरची बांधणारे, पाटी वर दुमडणारे, मॅच सुटल्यावर बिननंबरच्या गाड्यांवरून ट्रिपल सीट ओरडत जाणारे, सगळे आपलेच. आणि जुन्या गाड्यांना हाय सिक्युरिटी पाटी बसवा म्हटल्यावर दुचाकीचे ५३१ रुपये जास्त म्हणून बोंब मारणारेही आपणच. त्यात माझा आवाज मोठा होता.

१ एप्रिल २०१९ नंतरच्या गाडीला तर ही पाटी शोरूममधूनच लागून येते. तिचं लॉक असं की तोडल्याशिवाय निघत नाही. पुतण्याला विचारलं, तुझी कुठं गेली रे? "काका, पाटी नाही काढली, मागचं मडगार्डच काढलं. लूक जातो हो." पाटी मडगार्डासकट माळ्यावर, जुन्या कुकरशेजारी.

परवा तो आप्पांना व्यायामाला न्यायला आला. आप्पा काठी टेकत गाडीच्या मागं गेले, वाकून बघितलं आणि मला म्हणाले, "रिक्षा बोलव."